खरं

उद्यमबागेत, मागल्या गल्लीतल्या फाउंड्रीत
माझा बाप भरमाण्णा मुतगेकर
सागवानाचे पॅटर्न घडवायचा.
त्याच्या खिशातली पट्टी खोटी होती.
म्हणजे तिच्यावरचा एक फूट
बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत मोठा.
"लोखंड थंड होताना आकसतंय गं,
म्हणून लाकूड आधीच जास्ती धरायचं."
सहावीत मी तीच पट्टी शाळेत नेली
आणि माझा चौकोन
मिलिमीटरनं चुकीचा निघाला.

आता मी धारवाडला कणांचं शास्त्र शिकते.
शनिवारच्या पॅसेंजरनं घरी येते.
"काय शोधूलालीस एवढं?" बाबा विचारतो,
बशीत चहा ओततो.

सांगितलं.
सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य
सारख्याला सारखं निघालं.
कण प्रतिकणाला भेटला की दोघंही संपायचे,
मागं नुसता उजेड.
हिशेबानं उजेडच उरायला हवा होता.
ना वाळू, ना भट्टी, ना मार्कंडेय नदी,
ना ही कानतुटकी बशी.

"खरं?"

आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.
होस्टेलातली पुण्याची पोरगी हसायची,
म्हणायची, तू दर वाक्याला शपथ का घेतेस?

खरं, बाबा,
अब्ज प्रतिकणांमागं
कण होते अब्ज आणि एक.
अब्जांनी अब्ज संपवले.
तो एक उरला.
तसल्या उरलेल्यांचंच हे सगळं,
तू, मी, टिळकवाडीचं फाटक,
फाटकात अडकलेल्या रिक्षा.

बाबा उठला. कोपऱ्यातून
पंपाचं कच्चं कास्टिंग उचलून आणलं,
अजून वाळू चिकटलेलं.
मधोमध, वरची पेटी खालच्या पेटीला जिथं टेकते
तिथं लोखंडाची पापडी, कागदाएवढी.
"पेट्या कितीबी घट्ट बसवा,
सांध्यातनं थोडं निसटतंयच."
हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही.
आमच्या दुकानांच्या पाट्यासुद्धा
दोन लिप्यांमधल्या फटीतून बोलतात.

ईरण्णा रोज सकाळी छिन्नीनं ती पापडी उडवतो,
शिव्या मराठीत,
मोजणी कन्नडात:
ओंदु, एरडु, मूरु.
झाडून ढीग करतो, परत भट्टीत टाकतो.

"म्हणजे आपण ही पापडी," बाबा म्हणाला, खूश होऊन.

नाही. उपमा गळते.
साचा आतून पोकळ असतो,
प्रतिद्रव्य पोकळ नसतं.
तेही तेवढंच भरीव, तेवढंच वजनदार,
फक्त भार उलटा.
आणि दोघं अगदी आरशातल्यासारखे नाहीत,
काही कण आणि त्यांचे प्रतिकण
मोडताना जरा वेगळे मोडतात,
हे मोजून झालंय.
खरं तो फरक फारच थोडा.
तेवढ्यानं एवढ्या चांदण्यांचा हिशेब भरत नाही.

"मग सुरवातीला कुणीतरी जास्ती धरलं असणार.
आकसणार हे ठाऊक असलेलं कुणीतरी."

कुणीतरी म्हणू नको, बाबा.

"बरं. नाही म्हणत."
चहा निवला होता. त्यानं तो तसाच प्यायला.
"तर मग पट्टी शोधा. खोटी कुठली ते बघा."

रात्री लाइट गेली.
पलीकडच्या शेडमध्ये जनरेटर धडधडला
आणि ओतायला घेतलेल्या लोखंडाचा तांबूस उजेड
खिडकीच्या गजांवर हलत राहिला.
मोबाइलच्या उजेडात मी
त्या पट्टीनं वही मोजली, टेबल मोजलं,
मग स्वतःची वीत.
सगळं थोडं थोडं कमी.
या पट्टीसमोर
जगातली एकही वस्तू पुरी भरत नाही.
वहीत तेवढं लिहिलं.
पुढं लिहिलं, खरं,

आणि स्वल्पविरामावर पेन ठेवून बसले.